कथानिमग्न हॉटेलांचे अर्थकारण

मनोरंजन उद्यानाच्या आवारात किंवा त्याला लागून, एखाद्या निश्चित कल्पनेभोवती उभारलेल्या निवासस्थानास विषयनिष्ठ हॉटेल म्हणता येईल. अशा हॉटेलात पाहुणा केवळ निद्रेसाठी येत नाही. दिवसभर उद्यानात पाहिलेल्या काल्पनिक जगाचा विस्तार त्याला रात्रीही अपेक्षित असतो. वास्तुरचना, रंगसंगती, उपकरणे, कर्मचाऱ्यांचा वेष आणि भोजन या सर्वांतून ते जग इतके सलग उभे केले की पाहुणा स्वतः कथेतील एक पात्र बनतो, तेव्हा त्या हॉटेलास कथानिमग्न हॉटेल ही संज्ञा शोभते. या व्यवसायात कल्पकतेइतकेच हिशेबाला महत्त्व आहे. कल्पना कितीही रम्य असली, तरी तिचा खर्च किती खोल्यांत आणि किती वर्षांत विभागला जातो, यावरच तिचे आयुष्य ठरते.

उगम

या व्यवसायाचा आरंभ पैशाच्या टंचाईतून झाला. वॉल्ट डिस्ने यांनी १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइम येथे डिस्नीलँड उघडले, तेव्हा उद्यान पूर्ण करतानाच त्यांचे भांडवल संपत आले होते. हॉटेल बांधण्यास पैसा उरला नव्हता. म्हणून त्यांनी दूरचित्रवाणी क्षेत्रातील निर्माते जॅक रॅदर यांना ते काम करण्याची गळ घातली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डिस्नीलँड हॉटेल सुरू झाले. नाव डिस्नीलँडचे, मालकी रॅदर यांची, अशी ही व्यवस्था होती. १९६१ मध्ये उद्यानातील मोनोरेल थेट या हॉटेलापर्यंत नेण्यात आली. डिस्ने कंपनीला ते हॉटेल आपल्या ताब्यात घेण्यासाठी १९८८ पर्यंत थांबावे लागले.

दरम्यान अ‍ॅनाहाइममध्ये उद्यानाच्या चहूबाजूंनी खासगी निवासगृहे उभी राहिली. उद्यानाने गर्दी खेचावी आणि मुक्कामाचा पैसा शेजाऱ्यांनी मिळवावा, ही गोष्ट डिस्ने यांच्या मनाला लागून राहिली. पुढच्या उद्यानासाठी त्यांनी १९६४-६५ या काळात फ्लोरिडात वेगवेगळ्या नावांच्या कंपन्यांमार्फत गुप्तपणे सुमारे २७ हजार एकर जमीन विकत घेतली. १ ऑक्टोबर १९७१ रोजी तेथे वॉल्ट डिस्ने वर्ल्ड सुरू झाले, तेव्हा उद्यानाबरोबरच कंटेम्पररी आणि पॉलिनेशियन ही दोन हॉटेलेही उघडली. एका हॉटेलात भविष्यवेधी वास्तुकल्पना होती, तर दुसऱ्यात प्रशांत महासागरातील बेटांचे वातावरण होते. कंटेम्पररीच्या भव्य दालनातून मोनोरेल आरपार जात असे. उद्यान आणि हॉटेल यांची एकाच मालकाखाली सांगड घालण्याची पद्धत येथून रूढ झाली. १९८४ मध्ये मायकेल आयझनर यांच्याकडे कंपनीची सूत्रे आल्यानंतर या पद्धतीचा झपाट्याने विस्तार झाला.

वर्गीकरण

कल्पनेच्या खोलीनुसार या हॉटेलांचे तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग सजावटनिष्ठ हॉटेलांचा. यांत कल्पना भिंती, मूर्ती, पडदे आणि पोहण्याचे तलाव यांतून व्यक्त होते. फ्लोरिडातील २०१२ साली सुरू झालेले आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन हे १,९८४ खोल्यांचे हॉटेल या वर्गात मोडते. चित्रपटांतील पात्रांच्या प्रचंड प्रतिकृती आवारात एकदा उभ्या केल्या की दीर्घकाळ टिकतात. त्यांना वेतन द्यावे लागत नाही, अधूनमधून रंगरंगोटी आणि डागडुजी केली की पुरते. लेगोलँडच्या हॉटेलांत समुद्री चाचे किंवा राजेरजवाडे यांच्या कल्पनेवर खोल्या सजवलेल्या असतात. मुलांनी खोलीतील खुणा शोधून तिजोरीचा सांकेतिक क्रमांक मिळवायचा आणि आतील भेटवस्तू घ्यायची, असा खेळही तेथे असतो. मूल स्वतः कथेत शिरते आणि त्यासाठी एकही नट नेमावा लागत नाही.

दुसरा वर्ग परिसरनिष्ठ हॉटेलांचा. यांत खोलीच्या खिडकीबाहेरचे दृश्य हाच मुख्य माल असतो. २००१ मध्ये सुरू झालेले टोकियो डिस्नीसी या उद्यानातील मीराकोस्टा हॉटेल इटालियन बंदराच्या कल्पनेवर बांधलेले असून ते उद्यानाच्या हद्दीतच उभे आहे. बंदराकडे तोंड असलेल्या खोलीतून जलाशयावरील कार्यक्रम दिसतात आणि अशा खोलीचा दर इतर खोल्यांपेक्षा अधिक असतो. त्याच वर्षी फ्लोरिडात उघडलेल्या अ‍ॅनिमल किंगडम लॉजमध्ये सज्जातून जिराफ आणि झेब्रे चरताना दिसतात. येथे प्राण्यांचा चारा आणि निगा यांचा खर्च रोजचा असतो. तथापि तोच कळप शेकडो खोल्यांना एकाच वेळी दिसत असल्याने प्रत्येक खोलीच्या वाट्याला येणारा भार हलका राहतो.

तिसरा वर्ग प्रयोगनिष्ठ हॉटेलांचा. येथे कल्पना जिवंत नटांच्या अभिनयातून, संवादातून आणि वेळापत्रकानुसार घडणाऱ्या प्रसंगांतून साकारते. पाहुण्याने एखाद्या पात्राशी बोलावे, त्याच्या गुप्त कटात सामील व्हावे आणि त्यानुसार कथेने वळण घ्यावे, अशी योजना असते. आर्थिकदृष्ट्या हा वर्ग सर्वांत अवघड ठरतो. त्याची कारणमीमांसा पुढे केली आहे.

उत्पन्नाचे मार्ग

हॉटेलची खोली हा नाशवंत माल आहे. आजची रात्र रिकामी गेली, तर ती उद्या विकता येत नाही. म्हणूनच खोल्या भरण्याचे प्रमाण हा या धंद्याचा पहिला मापदंड ठरतो. डिस्ने कंपनी आपल्या वार्षिक अहवालात हॉटेलांविषयी तीन गोष्टी नियमाने देते: विक्रीस उपलब्ध असलेल्या खोली-रात्रींची संख्या, त्यांपैकी भरलेल्यांचे प्रमाण आणि दर खोलीमागे पाहुण्यांनी केलेला खर्च. या तिसऱ्या आकड्यात खोलीभाड्यासह हॉटेलातील खाद्यपेये आणि वस्तुविक्री यांचाही समावेश होतो.

उद्यानालगतच्या हॉटेलाचे खरे मोल त्याच्या स्वतःच्या नफ्यापुरते सीमित नसते. आवारात मुक्काम करणारे कुटुंब अधिक दिवस राहते, अधिक तिकिटे घेते आणि जेवणासाठी बाहेर जात नाही. त्याला बांधून ठेवण्यासाठी उद्याने आपल्या पाहुण्यांना अशा सवलती देतात की ज्यांसाठी रोख खर्च फारसा करावा लागत नाही. डिस्नेच्या फ्लोरिडातील हॉटेलांच्या पाहुण्यांना अर्धा तास आधी उद्यानात प्रवेश मिळतो. ऑरलँडोतील युनिव्हर्सलच्या तीन उच्चश्रेणी हॉटेलांत उतरणाऱ्यांना दोन उद्यानांतील रांगा टाळण्याचा परवाना विनामूल्य मिळतो. हाच परवाना इतरांना विकत घ्यावा लागतो. त्यामुळे मोठ्या कुटुंबाला महाग खोलीही परवडते. रांगेतील वेळ वाचवण्याचा हक्क येथे भाड्यात रूपांतरित झालेला असतो.

खर्चाचे स्वरूप

विषयनिष्ठ हॉटेलाचा खर्च दोन भागांत विभागता येतो. बांधकाम, सजावट, यंत्रणा आणि कर्जावरील व्याज हा स्थिर खर्च होय. खोली भरो वा न भरो, तो द्यावाच लागतो. चादरी धुणे, स्वच्छता, वीज आणि न्याहारी हा बदलता खर्च होय. सजावटनिष्ठ हॉटेलात आणखी एका पाहुण्यामुळे वाढणारा खर्च अल्प असतो. म्हणून मंदीच्या दिवसांत दर उतरवून खोली भरणे तेथे हिताचे ठरते आणि सुट्टीच्या हंगामात तोच दर चढवला जातो.

प्रयोगनिष्ठ हॉटेलात मात्र नटांचे वेतन स्थिर खर्चासारखे वागते. शंभर पाहुणे आले काय किंवा चाळीस आले काय, कप्तान, गायिका आणि खलनायक यांना रंगमंचावर यावेच लागते. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ मध्ये प्रयोगक्षम कलांच्या अर्थकारणावरील ग्रंथात हाच पेच मांडला होता. कारखान्यात यंत्रांमुळे दर कामगारामागील उत्पादन वाढत जाते, पण चार वादकांची रचना वाजवण्यास शतकांनंतरही चारच वादक आणि तेवढाच वेळ लागतो. इतर क्षेत्रांतील वेतन वाढले की कलावंतांचे वेतनही वाढवावे लागते आणि प्रयोग उत्तरोत्तर महाग होतो. हा सिद्धांत ‘बॉमोलचा व्ययविकार’ या नावाने ओळखला जातो. नाट्यगृह या विकारावर मोठ्या प्रेक्षागृहाचा आणि पुनःप्रयोगांचा उतारा शोधते. शंभर खोल्यांच्या हॉटेलाला तो उपलब्ध नसतो.

मालकीचे प्रकार

भांडवल कोणी घालावे आणि जोखीम कोणी उचलावी, याची तीन प्रतिमाने प्रचलित आहेत. पहिले पूर्ण मालकीचे. जर्मनीतील रुस्ट या लहानशा गावी माक कुटुंबाने १९७५ मध्ये युरोपा-पार्क सुरू केले आणि १९९५ मध्ये एल अँडालुझ हे पहिले हॉटेल बांधले. पुढे रोमन वास्तूची आठवण देणारे कोलोसिओ (२००४), पोर्तुगीज मठाच्या धर्तीचे सांता इसाबेल (२००७) आणि स्कँडिनेव्हियन संग्रहालयाच्या रूपातील क्रोनासार (२०१९) अशी भर पडत गेली. एक हॉटेल स्थिरावल्यावर दुसरे बांधण्याचा हा संथ क्रम लक्षणीय आहे.

दुसरे प्रतिमान भागीदारीचे. युनिव्हर्सलने ऑरलँडोत लोएझ या हॉटेल कंपनीशी करार केला. १९९९ मध्ये सुरू झालेल्या पोर्टोफिनो बेपासूनची हॉटेले संयुक्त मालकीची असून जमीन उद्यानाकडून भाडेपट्ट्याने घेतलेली आहे. निवासव्यवस्थेतील अनुभव लोएझचा आणि गर्दी उद्यानाची, अशी ही विभागणी आहे. तिसरे प्रतिमान परवान्याचे. टोकियोतील उद्याने आणि मीराकोस्टासारखी हॉटेले ओरिएंटल लँड या जपानी कंपनीच्या मालकीची आहेत. डिस्ने कंपनीला तेथे नाव आणि पात्रे यांबद्दल स्वामित्वशुल्क मिळते. बांधकामाची जोखीम तिच्यावर पडत नाही, पण त्याचबरोबर मालकाचा संपूर्ण नफाही तिच्या वाट्याला येत नाही.

पॅरिसचा धडा

सजावटनिष्ठ हॉटेलेही अति प्रमाणात बांधल्यास तोट्यात जातात, हे फ्रान्समध्ये सिद्ध झाले. १२ एप्रिल १९९२ रोजी पॅरिसच्या पूर्वेस युरो डिस्ने सुरू झाले, तेव्हा एकाच दिवशी सहा हॉटेले आणि सुमारे ५,२०० खोल्या तयार होत्या. त्यांपैकी काही पुढे विकून कर्ज फेडावे, असा बेत होता. परंतु १९९०च्या दशकारंभी युरोपातील स्थावर मालमत्तेची बाजारपेठ कोसळली आणि खरेदीदार मिळेनात. उद्यान एकच असल्याने एका-दोन दिवसांत ते पाहून होत असे. पॅरिससारखे शहर जवळ असताना अधिक मुक्कामाचे कारण उरत नव्हते. पहिल्याच हिवाळ्यात न्यूपोर्ट बे क्लब हे हजारांहून अधिक खोल्यांचे हॉटेल बंद ठेवावे लागले. १९९४ मध्ये कर्जाची पुनर्रचना झाली आणि सौदी राजपुत्र अल-वलीद यांचे भांडवल आले. दुसरे उद्यान २००२ मध्ये उघडले. त्या आधीची दहा वर्षे खोल्या उद्यानाच्या पुढे धावल्या होत्या.

गॅलॅक्टिक स्टारक्रूझर

कथानिमग्न हॉटेलाचा सर्वांत धाडसी प्रयत्न फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये झाला. ‘स्टार वॉर्स’ची निर्मिती करणारी लुकासफिल्म ही कंपनी डिस्नेने २०१२ मध्ये विकत घेतली होती. २०१७ मध्ये या कल्पनेवरील निवासव्यवस्थेची घोषणा झाली आणि १ मार्च २०२२ रोजी ‘स्टार वॉर्स: गॅलॅक्टिक स्टारक्रूझर’ सुरू झाले. हॅल्सियन नावाच्या काल्पनिक अंतराळनौकेवर दोन रात्रींची सफर, असे त्याचे स्वरूप होते. सर्व पाहुणे एकाच दिवशी चढत आणि एकाच दिवशी उतरत. खोल्या केवळ १०० होत्या. खोल्यांना खऱ्या खिडक्या नव्हत्या. त्यांच्या जागी पडद्यांवर तारे सरकताना दिसत. पोहण्याचा तलाव नव्हता, कारण अंतराळनौकेत त्याला स्थान नव्हते.

पाहुण्यांना नौकानियंत्रणाचे आणि प्रकाशखड्गाचे शिक्षण दिले जाई. भोजनाच्या वेळी गायनाचा कार्यक्रम होई. दुसऱ्या दिवशी शेजारच्या डिस्नेज हॉलिवूड स्टुडिओज उद्यानातील बाटू या काल्पनिक ग्रहावर त्यांना नेण्यात येई. भ्रमणध्वनीवरील उपयोजनातून पात्रांचे संदेश येत आणि पाहुण्याने घेतलेल्या निर्णयांनुसार त्याच्यापुढील प्रसंग बदलत. मनोरंजन उद्यानांच्या व्यवसायात प्रतिष्ठेचा मानला जाणारा थीआ पुरस्कार या प्रकल्पास मिळाला आणि प्रत्यक्ष अनुभव घेतलेल्या अनेक पाहुण्यांनी त्याचे मनापासून कौतुक केले. तरीही १८ मे २०२३ रोजी बंद करण्याची घोषणा झाली आणि ३० सप्टेंबर २०२३ रोजी शेवटची सफर संपली. दीड वर्षाहून थोडे अधिक एवढेच त्याचे आयुष्य ठरले.

हिशेब

कंपनीने आरंभी जाहीर केलेल्या नमुना-दरांनुसार दोघांच्या खोलीसाठी ४,८०९ डॉलर आणि तीन प्रौढ व एक मूल अशा चौघांसाठी ५,९९९ डॉलर पडत. यात दोन रात्री, भोजन आणि एका उद्यानाचा प्रवेश समाविष्ट होता. हे आकडे घेऊन कमाल उत्पन्नाचा अदमास करता येतो. सर्व १०० खोल्या दोघा-दोघांनी भरल्यास एका सफरीचे उत्पन्न ४,८०,९०० डॉलर होते. वर्षात जास्तीत जास्त १८२ सफरी धरल्या, तर एकूण आवक सुमारे ८.७५ कोटी डॉलर येते. सर्व खोल्या चौघांनी भरल्यास ती १०.९ कोटींच्या आसपास जाते. एकही खोली, एकही दिवस रिकामी राहिली नाही, तरच गाठता येईल अशी ही कमाल मर्यादा आहे. याच रकमेतून नट, आचारी, तंत्रज्ञ आणि सेवक यांचे वेतन, भोजनसामग्री आणि इमारतीची निगा भागवायची होती.

बंद करताना कंपनीने दोन तिमाहींत मिळून सुमारे २५ कोटी डॉलरांचा वेगवर्धित घसारा दाखवला. म्हणजे अनेक वर्षांत थोडाथोडा दाखवायचा घसारा थोड्या महिन्यांतच हिशेबात घेतला. वरील कमाल आवकेशी तुलना केल्यास ही रक्कम खर्च वजा न करता येणाऱ्या सव्वादोन ते जवळजवळ तीन वर्षांच्या एकूण उत्पन्नाइतकी भरते. उत्पन्नाचे छत इतके खाली असताना स्थिर खर्च इतका उंच होता, यातच अपयशाचे मूळ आहे.

याच्या शेजारी दोन तुलना ठेवल्या म्हणजे चित्र पूर्ण होते. आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशनमध्ये सजावटीचा आणि भोजनगृहाचा खर्च १,९८४ खोल्यांत वाटला जातो. २०२२ मध्येच सेवेत आलेल्या डिस्ने विश या प्रवासी जहाजावर १,२५४ खोल्या आहेत. त्या जहाजावरही नाटके, पात्रे आणि विषयनिष्ठ भोजनगृहे आहेत, पण एकच नाट्यगृह हजारो प्रवाशांना पुरते. स्टारक्रूझरने जहाजाची पद्धत आणि जहाजाहून चढा दर स्वीकारला, परंतु खोल्या मात्र छोट्या विश्रामगृहाइतक्याच ठेवल्या.

मागणीच्या बाजूनेही अडचण होती. पाहुण्याकडे पुरेसा पैसा हवा, त्याला या कथाविश्वाची आवड हवी आणि अनोळखी लोकांसमोर अभिनयात सहभागी होण्याची तयारीही हवी. या तिन्ही अटी पुऱ्या करणारा समुदाय लहान असतो. साधे हॉटेल तेच कुटुंब दरवर्षी पुन्हा आणू शकते. कथा मात्र एकदा उलगडली की दुसऱ्या फेरीत तिचे कुतूहल ओसरते. शिवाय दर कमी करून खोली भरण्याचा नेहमीचा उपायही येथे तोकडा पडतो, कारण दर उतरला तरी प्रयोगाचा खर्च उतरत नाही. खिडक्यांविना बांधलेली इमारत साधे हॉटेल म्हणून चालवणेही सोपे नव्हते.

महाराष्ट्रातील उदाहरण

महाराष्ट्रात या व्यवसायाचे ठळक उदाहरण खोपोलीजवळील इमॅजिका हे आहे. मनमोहन शेट्टी यांच्या अ‍ॅडलॅब्ज एंटरटेनमेंट कंपनीने २०१३ मध्ये हे उद्यान सुरू केले आणि २०१५ मध्ये त्याला लागून नोव्होटेल या आंतरराष्ट्रीय नावाखाली हॉटेल उघडले. मुंबई आणि पुणे ही दोन्ही महानगरे द्रुतगती महामार्गाने जोडलेली असल्याने येथील बहुसंख्य प्रेक्षक सकाळी येऊन संध्याकाळी परतू शकतात. मुक्कामाची गरज नसलेल्या अशा प्रेक्षकाला थांबवणे, हेच येथील हॉटेलापुढचे आव्हान आहे. सुट्टीच्या दिवसांची गर्दी आठवडाभर टिकत नसल्यामुळे विवाहसमारंभ आणि कंपन्यांची संमेलने हा अशा हॉटेलांचा मोठा आधार ठरतो. कर्जाच्या ओझ्यामुळे मूळ प्रवर्तकांना ही कंपनी राखता आली नाही. २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने तिचा ताबा घेतला.

सद्यःस्थिती

स्टारक्रूझर बंद झाल्यानंतर उघडलेल्या दोन मोठ्या हॉटेलांनी वेगळी वाट धरली आहे. ६ जून २०२४ रोजी टोकियो डिस्नीसीमध्ये फँटसी स्प्रिंग्ज हा विभाग सुरू झाला. त्यातील ४७५ खोल्यांचे हॉटेल उद्यानाला भिडूनच आहे. २२ मे २०२५ रोजी ऑरलँडोत युनिव्हर्सलचे एपिक युनिव्हर्स उघडले. तेथील ५०० खोल्यांच्या हेलिओस ग्रँडला उद्यानात थेट उघडणारे स्वतंत्र प्रवेशद्वार आहे, तर जवळच्या स्टेला नोव्हा आणि टेरा लुना या तुलनेने स्वस्त हॉटेलांत प्रत्येकी ७५० खोल्या आहेत. या रचनेत नट आणि प्रयोग उद्यानात राहतात. तेथे त्यांचा खर्च रोजच्या हजारो तिकिटांत वाटला जातो. हॉटेलाकडे सजावट, दृश्य आणि सान्निध्य एवढेच सोपवलेले असते, आणि या तिन्ही गोष्टी एकदा खर्च करून वर्षानुवर्षे विकता येतात. कथेचा जिवंत भाग जास्तीत जास्त लोकांसमोर ठेवावा आणि खोलीत तिची केवळ छाया असावी, हा निष्कर्ष या व्यवसायाने फार मोठी किंमत मोजून काढलेला आहे. यापुढे कोणी पुन्हा प्रयोगनिष्ठ हॉटेल उभारायचे ठरवले, तर कथा लिहिण्यापूर्वी त्याला खोल्यांची संख्या ठरवावी लागेल.